बरोबर उत्तर कशाला म्हणायचे : बंगळूर प्रकल्पाचा (१९७९–८४) प्रकरण अभ्यास

परकी भाषा कशी शिकवावी याविषयी विसाव्या शतकात पुष्कळ वाद झाले, पण त्यांपैकी फार थोड्या वादांची कसोटी सर्वसाधारण शाळेत, ठरलेल्या तासाला, मागच्या बाकापर्यंत भरलेल्या वर्गासमोर लागली. दक्षिण भारतात १९७९ ते १९८४ या काळात चाललेला ‘कम्युनिकेशनल टीचिंग प्रोजेक्ट’ हा त्या थोड्यांपैकी एक होय. भाषाशिक्षणाच्या जागतिक चर्चेत तो ‘बंगळूर प्रकल्प’ या नावाने ओळखला जातो. एन. एस. प्रभू हे त्याचे प्रवर्तक. ते त्या वेळी ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात इंग्रजी अध्यापनाचे काम पाहत होते, आणि बंगळूरच्या रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश या संस्थेतील सहकाऱ्यांसह त्यांनी हा प्रयोग उभा केला. मुख्यतः बंगळूर व मद्रास येथील प्रादेशिक भाषा-माध्यमाच्या शाळांमधील आठ वर्गांत तो चालला. त्यांतील काही वर्ग इंग्रजीचा श्रीगणेशा करणारे होते, तर काही वर्ग आधी थोडे इंग्रजी शिकलेले होते.

या प्रकल्पावर बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातील बहुतेक लेखन ‘कार्याधारित अध्यापनाचा (म्हणजे टास्क, सोडवण्याजोग्या समस्या, देऊन भाषा शिकवण्याचा) आरंभ’ या एका विशेषणापाशी थांबते. मला तो वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. अध्ययनाची उपपत्ती बदलली की प्रशिक्षणवर्गातील व्याख्याने बदलतात, पाठ्यपुस्तकाची प्रस्तावना बदलते. परंतु ती उपपत्ती वर्गात खरोखर उतरली की नाही हे ओळखण्याची एकच खात्रीची खूण आहे, ती म्हणजे मुलाने दिलेले उत्तर बरोबर आहे असे शिक्षक केव्हा म्हणतो. बंगळूर प्रकल्पाने नेमका हाच निकष बदलला, आणि त्याचे यश व त्याची अडचण ही दोन्ही त्या बदलातूनच आली.

इंग्रजी ही भारतात परकी भाषा की दुसरी भाषा, हा वाद येथे फारसा अडथळा आणत नाही. शहरातील कचेऱ्यांत इंग्रजी कितीही नांदत असली, तरी कन्नड किंवा तमिळ माध्यमाच्या शाळेतील ज्या मुलाला ती शाळेच्या तासाबाहेर क्वचितच ऐकू येते, त्याच्या दृष्टीने ती परकीच असते. प्रकल्पातील बहुतेक मुलांची स्थिती अशीच होती.

आधीची व्यवस्था आणि तिच्यामागचा विचार

प्रकल्प कशाच्या विरोधात उभा राहिला हे पाहिल्याशिवाय त्याची मांडणी समजत नाही. त्याआधीच्या दोन पद्धती भारतीय वर्गांना परिचित होत्या. पहिली व्याकरण-भाषांतराची. महाराष्ट्रात ज्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर इंग्रजी शिकल्या, त्यांना भाषेची ओळख नियम आणि त्या नियमांना धरून केलेली भाषांतरे अशीच झाली, आणि लिहिण्या-वाचण्यापुरते त्यातून पुष्कळांचे चांगले भागलेही. दुसरी पद्धत संरचनांची. १९५२ साली मद्रास राज्यात वाक्यरचनांवर आधारलेला अभ्यासक्रम आला. त्या दशकाच्या अखेरीस प्राथमिक शाळांच्या सुमारे २७,००० शिक्षकांना ही पद्धत शिकवण्याची मोहीम तेथे हाती घेण्यात आली. प्रशिक्षित तुकडीने पुढच्या तुकड्या घडवायच्या अशी तिची योजना असल्यामुळे ‘मद्रास स्नोबॉल’ हे नाव तिला चिकटले. हैदराबादची केंद्रीय इंग्रजी संस्था १९५८ साली आणि बंगळूरची प्रादेशिक संस्था १९६३ साली स्थापन झाली, तेव्हा या संस्थांपुढील मुख्य काम हीच पद्धत रुजवण्याचे होते. पुढे तिच्याविरुद्धचा प्रयोग बंगळूरच्या त्याच संस्थेच्या आश्रयाने झाला, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

संरचनात्मक पद्धतीच्या मागे दोन धारा होत्या. इंग्लंडच्या बाजूने हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये शिकवताना विकसित केलेली मौखिक पद्धत होती. वाक्यांचे साचे निवडावेत, सोप्याकडून अवघडाकडे त्यांची क्रमवारी लावावी आणि प्रत्येक साचा वर्गात उभ्या केलेल्या प्रसंगातून सादर करावा, असा तिचा आग्रह होता. अमेरिकेच्या बाजूने दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना झटपट भाषा शिकवण्यासाठी आखलेल्या कार्यक्रमांतून पुढे आलेली श्रवण-भाषण पद्धत होती, आणि तिला वर्तनवादी मानसशास्त्राचा उघड आधार होता. भाषा म्हणजे सवयींचा संच; सवय पुनरावृत्तीने आणि प्रबलनाने, म्हणजे बरोबर प्रतिसादाला मिळणाऱ्या शाबासकीने, लागते; म्हणून चूक ही वाईट सवयीची सुरुवात असून ती होण्याआधीच टाळली पाहिजे. दोन्ही धारांचे मूळ वेगळे असले, तरी वर्गातील शिक्षकापर्यंत त्या पोहोचेपर्यंत त्यांच्यातील फरक जवळजवळ पुसला गेला होता.

प्रत्यक्ष तासाचे चित्र असे असे. शिक्षक टेबलावर पुस्तक ठेवतात आणि ‘द बुक इज ऑन द टेबल’ म्हणतात. वर्ग तेच वाक्य एका सुरात म्हणतो. मग पुस्तकाच्या जागी पेन येते, टेबलाच्या जागी खुर्ची येते आणि साचा तोच राहतो. ‘पुस्तक कुठे आहे?’ या प्रश्नाला एखाद्या मुलाने नुसतेच ‘टेबल’ असे उत्तर दिले, तर ते चूक धरले जाते, कारण पूर्ण वाक्य आले नाही. गंमत अशी की, पुस्तक कुठे आहे हे विचारणाऱ्यालाही दिसते आणि उत्तर देणाऱ्यालाही दिसते. त्या प्रश्नात कोणालाच काही जाणून घ्यायचे नसते. उत्तराची परीक्षा केवळ त्याच्या घडणीवर होते.

विद्यापीठांच्या पातळीवर या विचाराचा पाया प्रकल्पाच्या वीस वर्षे आधीच हादरला होता. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी भाषिक वर्तनाची वर्तनवादी मीमांसा १९५७ साली मांडली आणि १९५९ साली भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी तिचे विस्तृत व कठोर परीक्षण केले. पूर्वी कधीही न ऐकलेली वाक्ये माणूस सहज बनवतो आणि समजतो, हे सवयीच्या सिद्धांताने उलगडत नाही, हा त्यातील मध्यवर्ती मुद्दा होता. १९६७ साली पिट कॉर्डर यांनी शिकणाऱ्याच्या चुकांकडे पाहण्याची दृष्टीच बदलून टाकली; त्यांच्या मते चुका हा शिकणाऱ्याच्या मनात आकाराला येत असलेल्या भाषाव्यवस्थेचा पुरावा असतो. तरीही मद्रास-बंगळूरच्या शाळांत पुस्तक टेबलावरच होते. उपपत्ती कोसळली म्हणून तिच्यावर उभी असलेली शाळेतील व्यवस्था लगेच कोसळत नाही, कारण त्या व्यवस्थेला पाठ्यपुस्तके, परीक्षा आणि प्रशिक्षित शिक्षक यांचा स्वतंत्र टेकू असतो.

प्रभूंची मांडणी

सत्तरीच्या दशकात युरोपातून एक पर्यायही पुढे आला होता. डेव्हिड विल्किन्स यांनी १९७६ साली मांडलेल्या कल्पनेनुसार अभ्यासक्रमात वाक्यसाच्यांऐवजी संकल्पना आणि भाषिक कार्ये यांची यादी असावी: विनंती करणे, नकार देणे, काळ सांगणे, प्रमाण सांगणे वगैरे. हा पर्याय प्रभूंना पुरेसा वाटला नाही, आणि त्यामागचे कारण बारकाईने पाहण्यासारखे आहे. साच्यांची यादी काढून तिच्या जागी विनंत्यांची यादी ठेवली तरी शिक्षकाच्या मनात ‘आज मला ही भाषा शिकवायची आहे’ हा हेतू तसाच राहतो, आणि मुलाचे लक्ष पुन्हा भाषेच्या त्या तुकड्यावरच खिळते. शिवाय शाळेच्या चार भिंतींत ज्या मुलांना लंडनच्या दुकानदाराशी बोलायचेच नाही, त्यांना सामाजिक औचित्याचे धडे देऊन काय साधणार, हाही प्रश्न होता.

प्रभूंनी ध्येय बदलले नाही. त्यांना हवे होते ते व्याकरणच. प्रकल्पाच्या नावातील संप्रेषणावर भर देऊन अनेकांनी असा समज करून घेतला की येथे व्याकरणाला रजा दिलेली आहे. वस्तुस्थिती याच्या जवळपास उलट होती. त्यांचे गृहीतक असे होते की, भाषेच्या घडणीवरील प्रभुत्व हे मनाच्या जाणीवपूर्वक नियंत्रणाखाली तयार होत नाही; मन अर्थाशी झुंजत असताना, काहीतरी समजून घेण्याच्या किंवा सांगण्याच्या धडपडीत, आतल्या आत एक अमूर्त व्यवस्था आपोआप घडत जाते. म्हणून घडण शिकवायची असेल तर तिच्याकडे लक्ष वेधायचे नाही. अभ्यासक्रमातून भाषेच्या घटकांची यादी पूर्णपणे काढून टाकायची आणि तिच्या जागी केवळ सोडवण्याजोग्या समस्यांची, म्हणजे ‘टास्कां’ची, क्रमवारी ठेवायची.

हे गृहीतक अमेरिकेत स्टीफन क्रॅशन त्याच सुमारास मांडत असलेल्या विचाराच्या शेजारी बसते. समजण्याजोगी भाषा पुरेशी कानावर पडली की भाषा आत्मसात होते, असे क्रॅशन म्हणत होते. पण दोघांत एक फरक आहे आणि वर्गाच्या दृष्टीने तो छोटा नाही. क्रॅशन यांच्या मांडणीत शिकणाऱ्याने समजून घेणे पुरेसे असते. प्रभूंच्या मांडणीत त्याने डोके चालवणे आवश्यक असते. नुसते ऐकून कळले आणि विसरले, असे होऊ नये म्हणून भाषेला तर्काच्या ओझ्याखाली आणायचे, ही त्यांची युक्ती होती.

तासाला काय घडत असे

टास्कांचे तीन प्रकार प्रभूंनी वेगळे केले. पहिल्यात एकाजवळची माहिती दुसऱ्याजवळ नसते आणि ती पोहोचवायची असते. दुसऱ्यात दिलेल्या माहितीवरून तर्काने नवी माहिती काढायची असते. तिसऱ्यात स्वतःचे मत किंवा पसंती सांगायची असते. जोड्या पाडून माहितीची देवाणघेवाण करवणे ही त्या काळी युरोपीय वर्गांतील लाडकी कल्पना होती. प्रभूंनी मात्र दुसऱ्या प्रकाराला, तर्काच्या टास्कांना, पसंती दिली. माहिती पोहोचवण्याचे काम एका शब्दात, एका आकड्यात संपते. मत सांगण्यात नवशिक्याजवळ भाषा अपुरी पडते आणि उत्तर बरोबर की चूक हेही ठरवता येत नाही. तर्काच्या टास्कात उत्तर निश्चित असते, पण त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता भाषेतून जातो.

रेल्वेची वेळापत्रके, नकाशे, शाळेची तासिकावारी, दिनदर्शिका, घड्याळाचे काटे, किमतींचे तक्ते, जन्मतारखांवरून वय काढणे, एखाद्या संस्थेच्या नियमांचा विशिष्ट प्रसंगी अर्थ लावणे अशी सामग्री वर्गात येत असे. तासाची रचना दोन भागांची होती. आधी पूर्वटास्क, ज्यात शिक्षक फळ्यावर नमुन्याची समस्या मांडून सगळ्या वर्गाबरोबर प्रश्नोत्तरांतून ती सोडवीत. नंतर मूळ टास्क, जे तशाच स्वरूपाचे पण वेगळ्या तपशिलाचे असे आणि प्रत्येक मूल ते स्वतंत्रपणे वहीत सोडवी. शेवटी उत्तरे तपासून गुण दिले जात, आणि ते गुण समस्येच्या उत्तराचे असत.

नमुन्यादाखल अशी कल्पना करू. फळ्यावर बंगळूरहून मद्रासला जाणाऱ्या तीन गाड्यांच्या सुटण्याच्या व पोहोचण्याच्या वेळा आहेत. शिक्षक इंग्रजीतून विचारतात: पहिली गाडी किती वाजता सुटते? ती पोहोचायला किती तास लागतात? सर्वांत जलद गाडी कोणती? मग प्रश्न वाढत जातो. एका गृहस्थांना दुपारी तीनच्या सभेला मद्रासला हजर राहायचे आहे आणि सकाळी आठच्या आत ते घर सोडू शकत नाहीत. त्यांनी कोणती गाडी धरावी? एक मुलगी म्हणते, ‘सेकंड’. शिक्षक विचारतात, का? ती म्हणते, ‘फर्स्ट ट्रेन सेव्हन. नो टाइम.’ शिक्षक ते उत्तर मान्य करतात आणि सहज, उत्तराचा स्वीकार करता करता, तेच पूर्ण इंग्रजी वाक्यात म्हणतात, आणि पुढे जातात.

या छोट्या देवाणघेवाणीत सगळी उपपत्ती सामावलेली आहे. संरचनात्मक तासात ‘फर्स्ट ट्रेन सेव्हन’ हे उत्तर चूक ठरले असते आणि शिक्षक तेथे थांबून क्रियापद मिळेपर्यंत तिच्याकडून वाक्य वदवून घेत बसले असते. येथे ते बरोबर आहे, कारण गाडी बरोबर आहे. दुसरीकडे, एखाद्या मुलाने निर्दोष वाक्यात चुकीची गाडी सांगितली असती तर त्याला गुण मिळाले नसते, आणि जुन्या तासात त्याच मुलाचे कौतुक झाले असते.

टास्क किती अवघड असावे यासाठी प्रभूंनी व्यवहारी निकष ठेवला होता: वर्गातील निदान निम्म्या मुलांना त्याचा निदान निम्मा भाग जमला, तर ते योग्य. त्यापेक्षा सोपे असेल तर डोके चालत नाही, अवघड असेल तर मुले हात टेकतात. अभ्यासक्रमाची क्रमवारी पुढच्या तासाला असेच थोडे अधिक पायऱ्यांचे टास्क देऊन पुढे सरकत असे, म्हणजे ती भाषेच्या काठिण्यावर न बसता विचाराच्या काठिण्यावर बसलेली होती. ज्यांना सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांचा परिचय आहे, त्यांना पूर्वटास्कमधील शिक्षकाच्या आधाराने पुढे नेण्याच्या रीतीत ओळखीची खूण दिसेल. प्रभूंची मांडणी मात्र त्या परंपरेवर आधारलेली नव्हती.

चूक, शांतता आणि गटकार्य

चुकांची दखल घेतली जाई, पण प्रासंगिक. बोलण्याच्या ओघात शिक्षक योग्य रूप म्हणत, फळ्यावर लिहिताना नीट लिहीत. थांबून नियम सांगणे, त्याच रूपाची आणखी उदाहरणे देणे किंवा सराव करवणे मात्र वर्ज्य होते. मोठ्या माणसाने लहान मुलाशी बोलताना जितके आपोआप सुधारावे तितकेच येथे अपेक्षित होते. हे लिहायला सोपे आहे. वर्षानुवर्षे लाल शाईने वाक्ये दुरुस्त केलेल्या शिक्षकाला हात आवरणे किती कठीण जाते, हे शिक्षकी पेशातील कोणालाही वेगळे सांगायला नको.

मुलांना बोलण्याची सक्ती नव्हती. सुरुवातीला हो-नाही, एखादा आकडा, एखादे नाव, फळ्यावरच्या नकाशाकडे बोट दाखवणे एवढ्यावर भागत असे, आणि समजण्याची क्षमता बोलण्याच्या कितीतरी पुढे जाऊ दिली जाई. आपापसांत मुले आपल्या भाषेत कुजबुजत आणि त्याला मज्जाव नव्हता. जेव्हा त्यांना इंग्रजीतून काही सांगायचे असे, तेव्हा शिक्षकाच्या प्रश्नातून किंवा फळ्यावरून शब्द उचलून ती ते सांगत. साचा पाठ म्हणणे वेगळे आणि आपल्या गरजेसाठी शब्द उसने घेणे वेगळे, असे प्रभू मानत.

गटकार्याला दिलेला नकार ही या प्रकल्पाची सर्वांत वादग्रस्त बाजू. जगभरचे संप्रेषणवादी शिक्षक बाके फिरवून मुलांना समोरासमोर बसवत असताना बंगळूरच्या वर्गात बाके सरळ रांगेत होती आणि शिक्षक फळ्यापाशी उभे होते. कारण उपपत्तीतूनच आले होते: मुलाच्या आतली व्यवस्था ज्या भाषेच्या संपर्कातून घडणार, ती भाषा त्याच्याइतक्याच अपुऱ्या सोबत्याची असेल, तर दोघांची अपुरी व्यवस्था एकमेकांना पक्की करील. टीकाकारांना हे शिक्षककेंद्री वाटले. मला वाटते, भारतातील मोठ्या वर्गांचा विचार करता हा निर्णय व्यवहार्य होता, पण त्याची किंमतही होती. मुलांना लांब बोलण्याची संधी फार कमी मिळाली. कॅनडातील फ्रेंच-माध्यम वर्गांच्या अभ्यासावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवून दिले की, वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून-वाचून चांगली समजणारी मुलेही बोलताना व्याकरणात कच्ची राहतात, आणि म्हणून भाषा स्वतः घडवून बोलण्याची गरज पडली पाहिजे. हा आक्षेप बंगळूरला नेमका लागू पडतो.

मूल्यमापन

प्रकल्पाच्या अखेरीस, १९८४ साली, बाहेरून मूल्यमापन झाले. एडिंबरा विद्यापीठाशी संबंधित ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी चार शाळांमध्ये प्रयोगवर्ग आणि त्याच शाळेतील नेहमीच्या पद्धतीने शिकलेला वर्ग यांची तुलना केली. निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्यापुढची अडचण मोठी तात्त्विक होती. दोन वर्गांना ‘बरोबर उत्तर’ याचा वेगवेगळा अर्थ शिकवलेला असेल, तर दोघांना न्याय देणारी प्रश्नपत्रिका कशी काढायची? संरचनांची चाचणी घेतली तर ती एका बाजूला झुकते, टास्कची घेतली तर दुसऱ्या. त्यांनी दोन्ही घेतल्या आणि त्यांच्या जोडीला संदर्भयुक्त व्याकरण, श्रुतलेखन आणि श्रवण-वाचन आकलन अशा शक्य तितक्या तटस्थ चाचण्या ठेवल्या.

अपेक्षेप्रमाणे संरचनांच्या चाचणीत नेहमीचे वर्ग पुढे राहिले आणि टास्कच्या चाचणीत प्रयोगवर्ग. प्रत्येकाने जे शिकवले गेले ते दाखवले. तटस्थ चाचण्यांत एकंदर कल प्रयोगवर्गांच्या बाजूचा होता, जरी प्रत्येक शाळेत व प्रत्येक चाचणीत तो सारखा ठळक नव्हता. ज्या मुलांना व्याकरण एकदाही मुद्दाम शिकवले नव्हते, ती संदर्भात ते वापरण्यात मागे पडली नाहीत, एवढे त्यातून निघाले. मूल्यमापकांनी शब्द जपून वापरले. अर्थावर लक्ष ठेवूनच व्याकरण घडू शकते या दाव्याला सावध पाठिंबा मिळतो, यापलीकडे ते गेले नाहीत.

सावधपणाला कारणे होती. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. असलेले वर्ग तसेच घेतले होते. प्रयोगवर्गांचे शिक्षक एकंदरीत अधिक पात्रतेचे आणि अधिक उत्साही होते. नव्या गोष्टीचे कौतुकही होते, पाहुणे येऊन तास पाहत होते. जॉन ग्रीनवुड यांनी १९८५ सालीच लिहिलेल्या टीकेत पुराव्याच्या अपुरेपणावर बोट ठेवले, तर ख्रिस्तोफर ब्रमफिट यांनी सहानुभूतीने पण चिकित्सकपणे प्रकल्पाचे परीक्षण केले. या आकड्यांवरून एक उपपत्ती सिद्ध आणि दुसरी असिद्ध, असा निवाडा देता येत नाही, हे टीकाकारांचे म्हणणे मला मान्य आहे. पण शाळेतील प्रयोगाकडून प्रयोगशाळेची काटेकोर शुद्धता मागितली, तर शाळेत प्रयोगच होणार नाहीत, हेही तितकेच खरे.

शिक्षकाचा प्रश्न

प्रकल्पाचे सर्वांत कच्चे अंग चाचण्यांत नव्हते, ते शिक्षकांत होते. आरंभीचे अनेक तास स्वतः प्रभूंनी आणि संस्थेतील प्रशिक्षकांनी घेतले. शाळांतील नेहमीच्या शिक्षकांवर ते काम आले, तेव्हा पद्धत मनापासून उतरण्याचे प्रमाण कमी पडले. बेरेटा यांनी नंतर, १९९० साली, याच अंगाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि नेहमीच्या शिक्षकांची अडचण त्यात स्पष्ट दिसली.

अडचण आळसाची किंवा अनिच्छेची नव्हती. संरचनात्मक तासात शिक्षकाला त्या दिवसाचे वाक्य आधीच माहीत असते. इंग्रजीवर त्याची पकड मर्यादित असली तरी ते वाक्य तो पाठ करून येऊ शकतो. मद्रासच्या २७,००० शिक्षकांची मोहीम कल्पनेत तरी शक्य वाटली ती यामुळेच. बंगळूरच्या तासात मूल काय उत्तर देईल आणि त्यावर पुढचा प्रश्न कोणता विचारावा लागेल, हे आधी ठरवता येत नाही. गाडी चुकीची सांगितली तर का चुकली हे इंग्रजीतूनच शोधावे लागते, आणि मुलांना समजेल अशी भाषा जागच्या जागी बेतावी लागते. म्हणजे भाषेवर सहज हुकूमत, विषयावर लक्ष आणि वर्गावर नजर, ही तिन्ही एकाच वेळी हवीत. तुकडीने तुकडी घडवण्याच्या साखळीतून हे कौशल्य पोहोचत नाही. राज्यांच्या मंडळांनी हा अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलला नाही, याचे कारण मला येथेच दिसते, आणि त्याला जोड परीक्षांची: वर्षाअखेरीची प्रश्नपत्रिका जोवर कंसातील क्रियापदाचे रूप विचारते, तोवर वर्गात गाडीच्या उत्तराला गुण देणारा शिक्षक पालकांच्या डोळ्यांत खुपणारच.

प्रभू पुढे सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात गेले. १९८७ साली त्यांनी प्रकल्पाचा सविस्तर लेखाजोखा पुस्तकरूपाने मांडला, आणि १९९० साली एका गाजलेल्या निबंधात सर्वांत चांगली पद्धत अशी काही नसते, असे प्रतिपादन केले. शिक्षकाच्या मनात आपल्या शिकवण्यामुळे शिकणे कसे घडते याविषयी एक जिवंत, पटलेली समजूत असली पाहिजे, आणि ती समजूत निर्जीव झाली की कोणतीही पद्धत केवळ उपचार उरते, असे त्यांचे म्हणणे होते. बंगळूरमध्ये जे घडले त्यातून हा विचार आला असावा असे वाटते. निदान त्या अनुभवाशी तो नीट जुळतो.

पुढचा प्रवास

टास्क ही कल्पना पुढे सर्वत्र पसरली, पण पसरताना तिच्या पोटातील उपपत्ती बदलत गेली. १९९० साली रिचर्ड श्मिट यांनी शिकणाऱ्याच्या लक्षात आल्याखेरीज भाषेचे रूप आत्मसात होत नाही, असा सिद्धांत मांडला आणि घडणीकडे अजिबात लक्ष न वेधण्याच्या प्रभूंच्या भूमिकेला थेट आव्हान मिळाले. जेन विलिस यांच्या १९९६ च्या आराखड्यात टास्क संपल्यानंतर भाषेच्या रूपांकडे मुद्दाम वळण्याची पायरी आली. मायकेल लाँग, पीटर स्केहन, रॉड एलिस यांनी टास्क ठेवला, पण त्यात व्याकरणाकडे लक्ष केव्हा आणि कसे वेधावे यावरच आपले बहुतेक लेखन केंद्रित केले. युरोपच्या भाषाविषयक समान चौकटीने २००१ साली शिकणाऱ्याला सामाजिक कृती करणारी व्यक्ती मानले. पुण्या-मुंबईत मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकणाऱ्याला ‘अ १’ या अगदी पहिल्या पातळीवर जी काल्पनिक निमंत्रणे, फॉर्म आणि वेळापत्रके हाताळावी लागतात ती त्या चौकटीतून आलेली आहेत.

भारतात २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आणि त्याच्या इंग्रजीविषयक आधारपत्राने भाषेने समृद्ध, अर्थपूर्ण संपर्काचे वातावरण ही भाषाशिक्षणाची पूर्वअट मानली. बंगळूरच्या विचाराचा तो दूरचा वारसा आहे. महाराष्ट्राने २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून सर्व शाळांत आणली, तेव्हा प्रश्न पुन्हा तोच उभा राहिला, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर आणि कितीतरी लहान मुलांपुढे. आज पाठ्यपुस्तकांत नकाशे आहेत, तक्ते आहेत, जोडीदाराला विचारण्याचे प्रश्न आहेत. पण अशा पानावर टास्क बहुधा शेवटी येतो, नियम आणि रिकाम्या जागा आधी येतात, आणि वही तपासताना शिक्षक नकाशावरील वाट बरोबर निघाली की नाही हे पाहण्याऐवजी तिचे वर्णन करणाऱ्या वाक्यातील शब्दयोगी अव्यये तपासतात. प्रभूंच्या कसोटीने मोजले, तर हा तास अजून १९५२ च्या अभ्यासक्रमाचाच आहे.